खोडलेली मुदत

सुलोचनाबाई बारसागडे यांचं पत्र आलं तेव्हा मी वाचनालयात दिवाळी अंकांवर नंबर घालत बसलो होतो. पोस्टमन ते अंकांच्या गठ्ठ्यावर ठेवून गेला. निळं आंतरदेशीय, वर्ध्याचा शिक्का. मी उभा राहून कडा फाडल्या आणि उभ्यानेच वाचलं. आत सात ओळी होत्या. पहिल्या पाचांत माझ्या गुडघ्यांची चौकशी आणि भावाच्या घरची खुशाली. शेवटच्या दोन अशा होत्या:

‘पत्रकातली मुदतीची ओळ माझ्या हातच्या कागदावर होती, छापलेल्या कागदावर नव्हती. मधल्या वाटेत ती कोणी काढली, हे तुम्हाला ठाऊक असेल तर कळवा.’

मी पुन्हा बसलो आणि उरलेल्या अंकांवर नंबर घातले. बाईंना काही कळवलं नाही. अकरा वर्षं कळवलं नाही.

आमच्या सोनवाहीत थर्मल आहे. औष्णिक विद्युत केंद्र हे त्याचं पाटीवरचं नाव. बोलताना सगळे थर्मलच म्हणतात. सात संच, चार चिमण्या. पहिले दोन संच माझ्या लग्नाच्या आधीचे. त्यांचं ठरलेलं आयुष्य संपलं होतं आणि ते आणखी वीस वर्षं चालवावेत असा प्रस्ताव वर गेला होता. नेमकी पत्र येण्याच्या आधल्या हिवाळ्यात नगर परिषदेची निवडणूक लागली. नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायचा होता. परिषदेच्या ठरावाने थर्मल बंद होत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण गावानेच ठराव करून विरोध केला, तर वरच्यांना निदान थांबून विचार करावा लागला असता. तेवढ्यासाठी बाई उभ्या राहिल्या.

त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. एकट्या. शाळेच्या व्हरांड्यात तापमापक टांगून त्यांनी अठ्ठावीस वर्षं रोज दुपारी अडीचचं तापमान वहीत लिहिलं होतं. पहिल्या वह्यांत पंचेचाळीसच्या वर गेलेले दिवस बोटांवर मोजता येत. शेवटच्या वह्यांत त्यांना पान पुरत नसे. एका गावाच्या वहीवरून जगाचं काही सिद्ध होत नाही, हे त्या स्वतःच आधी सांगत. जगाचं ज्यांनी मोजलंय त्यांचंही ऊन वाढतंय असंच म्हणणं आहे, हे नंतर सांगत.

मी वाचनालयाचा ग्रंथपाल. पगार नावापुरता, पण गावात एक रीत पडून गेली होती. कोणाचाही काही मजकूर छापायला जायचा असला की आधी माझ्याकडे यायचा. लग्नपत्रिका, तेराव्याचं कार्ड, सोसायटीचा अहवाल, आमदारांना द्यायचं निवेदन. मी ऱ्हस्व-दीर्घ तपासायचो. तपासता तपासता कडक शब्द मऊ करायचो. ‘निषेध’ असेल तिथे ‘नाराजी’, ‘झालेच पाहिजे’ असेल तिथे ‘व्हावे ही विनंती’. कोणी तक्रार केली नाही. उलट लोक म्हणत, लांजेवार सरांच्या हातून गेलं की कागदाला वजन येतं. मला ते खरं वाटायचं.

बाईंनी पत्रकाचा मजकूर आणला तो वहीच्या दोन पानांवर, दोन्ही बाजूंनी. मी वाचत गेलो. नळ, गटार, दवाखाना झाल्यावर मधोमध ती ओळ होती. मला ती आजही पाठ आहे.

‘थर्मलचे पहिले दोन संच पाच वर्षांत बंद झालेच पाहिजेत, आणि पहिल्या वर्षापासूनच तिथल्या प्रत्येक कामगाराला, ठेक्यावरच्यालाही, दुसरं काम शिकवायला सुरुवात झाली पाहिजे.’

“पाच वर्षं कशावरून, बाई?” मी विचारलं. “सहा का नाहीत?”

“सहा म्हणाले असते तर तुम्ही सात का नाहीत विचारलं असतं.”

मी म्हणालो की समोरचे उमेदवारही बंद करायला नाही म्हणत नाहीत, फक्त हळूहळू म्हणतात. त्यात एवढा काय फरक पडतो. बाईंनी माझ्याकडे वर्गातल्या मागच्या बाकाकडे बघावं तसं बघितलं.

“राख खाली पडते, सर. आपण झाडतो. कोळशाचा हा कार्बन वायू वर जातो आणि ऊब धरून वरच बसतो, आपली हयात संपली तरी उतरत नाही. राख धरायला यंत्र आहे चिमणीत. या वायूसाठी आपल्या थर्मलात काहीच नाही. भट्टी बंद करणं हाच उपाय. म्हणून आज बंद केलेला संच आणि वीस वर्षांनी बंद केलेला संच, दोन्ही बंदच, पण सारखे नाहीत. मधल्या वीस वर्षांचं कोण वर जाऊन काढणार आहे?”

मग त्या पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “शुद्धलेखन तेवढं बघा. बाकी राहू द्या.”

त्यांच्या सभा म्हणजे चौकात एक खुर्ची. त्या खुर्चीवर चढत नसत, तिच्या पाठीला धरून उभ्या राहत. मी दोन सभांना गेलो आणि दोन्ही वेळा पानठेल्याच्या मागे उभा राहिलो. लोक ऐकायचे, कारण निम्म्यांना त्यांनी शिकवलं होतं. टिंगलही करायचे. कोणी म्हणालं की थर्मल बंद झालं की बाईंच्याच घरी अंधार होईल. त्या म्हणाल्या, चिमणी समोर असून आत्ताही रोज चार तास होतोच आहे. मागून एक जण ओरडला, “मॅडम, धूर त अमेरिका सोडते. तिले सांगा ना.”

“तिथं माझं मत नाही, बापू. तुझं आहे का?” बाई म्हणाल्या. “जिथं आहे तिथं टाक.”

लोक हसले. मीही हसलो असेन. त्या हसण्यात बाईंच्या बाजूचं काहीतरी होतं, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही बाई निवडून येऊ शकते. घरी येताना त्याचीच धास्ती वाटली. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. हरणाऱ्या माणसाच्या कागदावर काय लिहिलंय याने काही बिघडत नाही. जिंकणाऱ्याच्या कागदाचं पुढे काहीतरी होतं. आणि तो कागद माझ्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी शेषराव निमसरकार वाचनालयात आला. थर्मलच्या कोळसा विभागात ठेकेदाराकडे कामाला होता. पाळी संपली की यायचा, खिडकीजवळच्या उन्हात बसून पेपर वाचायचा. नखांत कोळसा राहायचा म्हणून पानं फार जपून उलटायचा. बायको, दोन मुली, म्हातारे वडील. त्या दिवशी पेपर न उघडता तो माझ्या टेबलाशी आला.

“काकाजी, बाई म्हणते पाच वर्षात बंद. बंद झालं त मी काय करू?”

मी म्हणालो, दुसरं काम शिकवायचं असंही बाई म्हणतात.

“आजपर्यंत कोणं शिकवलं?” त्याचा आवाज चढलेला नव्हता. त्याला खरोखरच माहिती हवी होती. पुस्तकांच्या माणसाला माहीत असेल, एवढंच त्याला वाटलं असावं.

मी चष्मा पुसला. तो खिडकीत जाऊन बसला.

संध्याकाळी मी मुरलीधर येनूरकरच्या छापखान्यात गेलो. येनूरकर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, जुन्या खिळ्यांच्या छपाईपासून या धंद्यातला. मी सकाळीच पाठवलेला बाईंचा मजकूर त्याने संगणकावर घेतला होता. प्रूफ माझ्यासमोर ठेवलं, म्हणाला तपासा आणि सही मारा, यंत्र रिकामं आहे, आत्ताच लावतो, उद्या गुरुवारच्या बाजारात वाटायचं आहे.

मी लाल पेन काढलं. वरून खाली तपासत आलो. दोन अनुस्वार, एक वेलांटी. मग ती ओळ. मी तिच्यावर पेन धरून बसलो. शेषराव डोळ्यांसमोर होता असं म्हटलं तर ते बरं दिसेल, आणि तो होताही. पण त्याच्याबरोबर मीही होतो. बाई निवडून आल्या, पाच वर्षं झाली, संच बंद झाले, शेषराव घरी बसला, आणि लोकांनी विचारलं की हा कागद कोणी तपासला होता, हेही माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी ती ओळ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत खोडली आणि समासात लिहिलं: ‘जुने संच टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी योग्य ते प्रयत्न केले जातील.’

येनूरकरने वाचलं. “बाईंना दाखवायचं का?”

“त्यांना माहीत आहे,” मी म्हणालो.

मी सही केली. यंत्र सुरू झालं. पाच हजार प्रती. पहिला कागद त्याने मला दिला, अजून ओला होता. घरी गेलो, जेवलो, झोपही लागली.

पत्रकं छापखान्यातूनच मुलींच्या हाती गेली, बाईंच्या माजी विद्यार्थिनींच्या. बाई सकाळपासून पलीकडच्या वस्तीत फिरत होत्या. दुपारी त्या बाजारात आल्या तेव्हा मी पुस्तकांच्या बांधणीचं कापड घेत होतो. त्या भाजीच्या रांगेत एकेकीला सांगत होत्या: पाच वर्षं, फक्त पाच, आणि पहिल्याच वर्षी शिकवणं सुरू. सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकणाऱ्या एकीने मांडीखालून दोन कागद काढले. एक बाईंचा, एक समोरच्या उमेदवाराचा. समोरच्याचे ट्रक थर्मलचा कोळसा वाहायचे.

“पण बाई, तुम्ही दोघंही तेच म्हणून राहिले ना,” ती म्हणाली. “हे पाहा. पोरीनं वाचून दाखवलं. टप्प्याटप्प्यानं. त्याच्यातही, याच्यातही. मंग तो निदान रस्ते त करन.”

बाईंनी दोन्ही कागद घेतले. एकदा वाचले. समोरच्याच्या पत्रकात शब्दन् शब्द तोच होता, ‘योग्य ते प्रयत्न’सुद्धा. मी तो कुठून उचलला नव्हता. असं वाक्य कुठून उचलावं लागत नाही, ते हवेत असतंच. बाईंनी कागदांची घडी केली, तिचे तिला परत दिले आणि छापखान्याकडे चालू लागल्या. मी कापड मोजून घेतलं.

छापखान्यात काय झालं ते मला लोकांकडून कळलं. येनूरकर म्हणाला की जसं तपासून आलं तसं छापलं. बाई म्हणाल्या की थर्मलची सगळी फॉर्म-रजिस्टरं तुझ्याकडे छापली जातात, ते मला माहीत आहे. तरीही त्याने माझं नाव घेतलं नाही. नवीन पत्रकं छापायला दिवस उरले नव्हते. उरलेले चार दिवस बाई तोंडाने सांगत फिरल्या आणि लोक विचारत राहिले, कागदावर कुठे आहे?

त्या एकशे सत्त्याऐंशी मतांनी पडल्या.

त्या निकालाला दुसरी कारणंही असतील. जातीचं गणित होतं, पैसा वाटला गेला होता, बाई एकट्या होत्या. मी ही कारणं पुष्कळदा उगाळली आहेत. ती सगळी खरी आहेत आणि त्यांचा मला काही उपयोग झाला नाही.

नव्या परिषदेचा ठराव झाला, प्रस्तावाच्या बाजूने. बाई घराला कुलूप लावून वर्ध्याला भावाकडे गेल्या. जाताना मला भेटायला आल्या नाहीत. मी घरी नव्हतो असं मी सांगत आलो आहे, पण मी घरी होतो आणि त्याही आल्या नव्हत्या. मग पत्र आलं.

येनूरकरकडे मी जात राहिलो, गावाचे कागद घेऊन. वर्ष-दीड वर्षाने तो एकदा मला चहा देताना सहज म्हणाला, “बाईंच्या मनात अजून मीच आहे म्हणतात. मला वाटलं होतं, तुम्ही सांगाल त्यांना.” मी चहा प्यायलो. ते लाल प्रूफ त्याच्याकडे असणारच होतं. त्याने ते कधी कोणाला दाखवलं नाही, आणि पुन्हा तो विषयही काढला नाही.

अकरा वर्षं अशी गेली. शाळा मार्चपासून सकाळची भरू लागली. एप्रिलमध्ये आम्ही वाचनालय अकराला बंद करून पाचला उघडायला लागलो. माझी बायको गेली त्या मे महिन्यात तिला दुपारी स्मशानात नेता आलं नाही, ऊन उतरण्याची वाट पाहत अंगणात थांबलो. लोक म्हणायचे, यंदा जास्तच आहे. दर वर्षी म्हणायचे.

गेल्या ऑगस्टमध्ये पहिल्या संचाच्या बॉयलरची नळी फुटली. कोणी दगावलं नाही. तपासणी झाली, दुरुस्ती परवडत नाही असं ठरलं, आणि पहिल्याबरोबर दुसराही संच बंद केला. वीस वर्षांच्या बोलीवर अकराव्या वर्षी. सोमवारी फाटकावर नोटीस लागली. कायम नोकरीवरचे दुसऱ्या केंद्रांत गेले. ठेक्यावरच्यांना शनिवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

शेषराव वाचनालयात आला तो निवेदन लिहून घ्यायला. आता पन्नाशीचा, केस पांढरे. बरोबरची चारशे माणसं फाटकाजवळ मांडव घालून बसली होती. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. कोणाला काही येत नाही, असं तो म्हणाला. कोळसा ओढणं सोडून काहीच येत नाही. पलीकडच्या माळावर सौर पॅनेलचं काम निघालं आहे. तिथे वायरिंग येणारी पोरं लागतात. याचे हात चालतात, पण शिकायला आता उशीर झाला.

“कोणी आधी सांगतलं असतं ना, काकाजी, का अमुक सालात बंद होणार, त मी त्या वर्षीच आयटीआयला नाव टाकलं असतं. तेव्हा चाळिशीही नोती झाली. बंद होते, बंद होते म्हणत होते सगळे. पण कधी, ते कोणं सांगतलंच नाही. आता बाकीचे पाच संच आहेत. त्याच्यातल्या पोरांलेही कोणी सांगून नाही राहिलं. तेही लिहा. आमाले तारीख पाहिजे म्हणा.”

मी पेन खाली ठेवलं. त्याला सांगितलं. बाईंनी पाच वर्षं लिहिलं होतं, शिकवण्याचंही लिहिलं होतं, ठेक्यावरच्यांचं वेगळं नाव घालून. ती ओळ मी खोडली. तू त्या दिवशी इथे येऊन विचारलंस, मला उत्तर आलं नाही, म्हणून मला वाटलं की तुझं भलं त्यात आहे.

शेषराव रागावला नाही. रागावला असता तर मला सोसायला काहीतरी मिळालं असतं.

“मले विचारलं असतं, त मी नको म्हटलं असतं,” तो म्हणाला. “मी भेलो होतो. पण भेलो म्हणून विचारत होतो ना जी. बंद नोका करू, असं कुठं म्हटलं होतं?”

मग त्याने निवेदनाकडे बोट केलं आणि म्हणाला, पुरं करा. मी पुरं केलं. ‘तारीख मिळालीच पाहिजे’ असं त्याने सांगितलं, तसंच लिहिलं. तो कागद घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उत्तर लिहायला बसलो. पहिल्या कागदावर गुडघ्यांची हकीगत झाली, दुसऱ्यावर माझी बाजू. दोन्ही फाडले. तिसरा हा:

‘सुलोचनाबाईंना नमस्कार.

ती ओळ मी काढली. येनूरकरचा काही दोष नाही. तुम्हाला माहीत आहे असं मी त्याला खोटं सांगितलं. मला भीती वाटली होती आणि मी तिला शेषराव निमसरकारचं नाव दिलं. पहिले दोन संच ऑगस्टमध्ये बंद पडले. कोणाला काही शिकवलं गेलं नव्हतं. राहिलेले पाच चालू आहेत. डिसेंबरात परिषदेची निवडणूक आहे. फाटकावरची माणसं प्रत्येक उमेदवाराकडून बंद करण्याचं साल कागदावर मागणार आहेत, आणि ते जवळचं असावं म्हणतात. घरोघर वाटायला त्यांना पत्रक हवं आहे. ते तुम्ही लिहून पाठवावं. मी पोस्टातून घेईन आणि न उघडता छापखान्यात देईन. माफी मागत नाही, कारण ती देण्याचं काम तुमच्यावर येईल.

दि. वा. लांजेवार’

घडी घालण्याआधी मी छापखान्यात गेलो आणि कागद येनूरकरसमोर ठेवला. त्याने चष्मा कपाळावर सरकवून वाचलं, सवयीने बोट ओळीखाली फिरवत. खालच्या कपाटातून एक कोरं पाकीट काढून दिलं.

“पत्ता तोच आहे का?”

मी म्हणालो, माझ्याकडे तोच आहे.

“आहेत का त्या?”

ते मला माहीत नव्हतं. बाई माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या. अकरा वर्षांत मी कोणाकडे चौकशीही केली नव्हती, कारण चौकशी केली की पत्राचं निघालं असतं. येनूरकरने मान हलवली आणि यंत्राकडे वळला.

पोस्टात खिडकीवर एक तरुण मुलगी होती. तिने पाकीट वजन करून तिकीट दिलं आणि म्हणाली की आजची डाक चारला निघते. भिंतीवर साडेतीन वाजले होते. मी तिकीट चिकटवलं, कडा दाबल्या, बाहेर येऊन पेटीत पत्र टाकलं आणि गाडी येऊन पिशवी घेऊन जाईपर्यंत तिथेच पायरीवर बसून राहिलो.